ट्रॅक्टर-ट्रॉलीचं लाइटचं वायरिंग: सात पिनांच्या सॉकेटपासून मागच्या दिव्यापर्यंत

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागातले रस्ते रात्रभर उसानं भरून वाहतात. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लखलखीत असतात, वर टपाला रंगीत लाइटिंग असतं, गाणी चालू असतात. आणि मागं, जिथून दुसऱ्या गाडीनं आपल्याला बघायचं असतं, तिथं मिट्ट काळोख.

मी बारा वर्षं स्वतःची ट्रॉली चालवतो आणि गावातल्या बऱ्याच ट्रॉल्यांचं वायरिंग हातानं केलंय. शिकलो ते एका संध्याकाळमुळं. कारखान्याकडं निघालो होतो, मागून मोटरसायकलवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि पाटाच्या कडेला जाऊन थांबला. भांडला नाही. धाप टाकत एवढंच म्हणाला, "दादा, मागं काहीच दिसत नाही हो." मागं जाऊन बघितलं तर दोन्ही दिवे बंद. ट्रॅक्टरवरचा इंडिकेटर टिकटिकत होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

हिशोब साधा आहे. भरलेली ट्रॉली ताशी २० किलोमीटरनं चाललेली असते आणि मागची चारचाकी ८० नं येते. दोघांमधलं अंतर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरनं कमी होतं. समोरून वाहन येतंय म्हणून त्यानं डिप्पर मारलेला असेल आणि आपली काळी ट्रॉली त्याला ४० मीटरवर दिसली, तर त्याच्या हातात अडीच सेकंदही उरत नाहीत. मागचे दिवे पेटलेले असतील तर हेच त्याला कितीतरी आधी कळतं.

काम अवघड नाही. एक दिवस लागतो. पण क्रमानं करावं लागतं.

ट्रॅक्टर काय सांगतो ते आधी समजून घ्या

ट्रॅक्टरकडून ट्रॉलीला चारच निरोप जायचे असतात: मी इथे आहे, मी थांबतोय, मी डावीकडे वळतोय, मी उजवीकडे वळतोय. म्हणजे टेल, ब्रेक आणि दोन इंडिकेटर. पाचवी वायर अर्थची, म्हणजे दिव्यातून करंट बॅटरीकडं परत नेणारी, आणि खरं तर तीच सगळ्यात महत्त्वाची. तिच्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय.

अलीकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना मागच्या बाजूला सात पिनांचं गोल सॉकेट कंपनीचंच असतं. झाकणाला स्प्रिंग असते. पुष्कळ जणांनी ते झाकण कधी उघडलेलंही नसतं. आत बघा, प्रत्येक पिनेजवळ बारीक आकडे कोरलेले असतात. बारा व्होल्टच्या या सॉकेटसाठी आयएसओ १७२४ हे मानक आहे आणि त्यातली मांडणी अशी:

१ (एल) – डावा इंडिकेटर – पिवळी वायर
२ (५४-जी) – मागचा फॉग किंवा मोकळी – निळी
३ (३१) – अर्थ – पांढरी
४ (आर) – उजवा इंडिकेटर – हिरवी
५ (५८-आर) – उजवा टेल – तपकिरी
६ (५४) – ब्रेक – लाल
७ (५८-एल) – डावा टेल आणि नंबर प्लेट – काळी

हा तक्ता कागदावर लिहून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. दोन कारणं. एक, प्रत्येक कंपनीच्या हार्नेसचे, म्हणजे तयार वायरींच्या जुडग्याचे, रंग वेगळे असतात आणि जुन्या ट्रॅक्टरला आधी कुणीतरी हात लावलेला असतोच. दुसरं कारण जास्त घातक: या मानकात काळी वायर डाव्या टेलची आहे आणि अर्थ पांढरी आहे. आपल्याकडे मात्र गॅरेजमध्ये काळी म्हणजे अर्थ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तयार सात कोरची केबल आणून काळी चेसिसला आवळली, की पार्किंग लावल्याबरोबर फ्यूज जातो. मग ट्रॅक्टरचे टेलही गेले आणि मीटरचा दिवाही गेला, कारण बहुतेक वेळा ते एकाच फ्यूजवर असतात.

सॉकेट तपासणं

यासाठी टेस्ट लॅम्प बनवा. २१ वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एकीला मगर क्लिप आणि दुसरीला टोकदार खिळा. बस्स. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण या कामाला टेस्ट लॅम्प आधी. मल्टिमीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. गंजलेल्या पिनेतून, एका धाग्यावर लटकलेल्या वायरीतूनही तो बारा व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. बल्ब लावला की खरं-खोटं लगेच कळतं. तो पूर्ण पेटला तर लाइन चांगली.

क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. चावी ऑन करा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून ट्रॅक्टरकडं तोंड करा. म्हणजे तुमचा डावा हात तोच ट्रॅक्टरचा डावा. सीटवर उलटं बसून मागं बघत काम केलं की हमखास डावं-उजवं बदलतं.

आता वर बसलेल्याला एकेक गोष्ट लावायला सांगा. आधी पार्किंग: दोन पिना पेटल्या पाहिजेत, पाच आणि सात. मग डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, मग ब्रेक. ब्रेकच्या वेळी दोन्ही पेडल वेगवेगळी दाबून बघा. ट्रॅक्टरला डावं-उजवं पेडल सुटं असतं आणि रस्त्यावर ते लॅचनं जोडून ठेवायचं असतं. काही ट्रॅक्टरांत एका पेडलवर ब्रेक लाइट लागते, दुसऱ्यावर लागत नाही. तसं असेल तर ब्रेकचा स्विच बघून घ्या, नाहीतर ट्रॉलीचं वायरिंग कितीही चांगलं केलं तरी निरोप निघणारच नाही.

शेवटी अर्थ तपासा. क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि खिळा तीन नंबरच्या पिनेला. बल्ब पूर्ण पेटला पाहिजे. मिणमिणला तर सॉकेटचा अर्थ कमजोर आहे. तो आधी दुरुस्त करा.

सॉकेटच नसलेला जुना ट्रॅक्टर असेल तर मडगार्डवरच्या मागच्या दिव्यांच्या वायरींवरून लाइन घेऊन नवं सॉकेट बसवा. दिव्यांची काच काढून प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पनं ओळखा आणि तिथंच कागदी चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवा. वायर सोलून दुसरी तिला गुंडाळायची आणि वर टेप मारायची, असं करू नका. हंगामभर धक्के खाल्ले की तो जोड सुटतो, आणि सुटतो तो रात्रीच.

सामान

ट्रॉलीच्या दिव्यांसाठी मी आता एलईडीच सांगतो. बल्बवाले दिवे स्वस्त पडतात, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर फिलामेंट तुटतं आणि ते तुटलेलं आपल्याला दिसत नाही. एलईडी घेताना टेल, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही वेगवेगळे पेटणारा दिवा घ्या, आणि दुकानातच बॅटरीवर लावून बघा. त्याच्या वायरींचे रंगही कंपनीगणिक बदलतात.

बल्बवाला दिवाच बसवायचा असेल तर टेल-ब्रेकला दोन फिलामेंटचा बल्ब लागतो, ५ वॅट टेलचं आणि २१ वॅट ब्रेकचं. त्याच्या बुडाला दोन पॉइंट असतात आणि बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूनं बसतो. घाईत कुणी जोर लावून उलटा बसवला तर टेल भगभगीत आणि ब्रेक मंद असं उलटं चित्र दिसतं. इंडिकेटरला एका पॉइंटचा २१ वॅटचा बल्ब.

बाकी सामान: सात पिनांचा प्लग, ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला बसेल असा पाणी न शिरणारा जंक्शन बॉक्स, वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आणि ती दाबायची पक्कड, हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी), फ्लेक्झिबल पाइप, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं कडं), लोखंडी क्लॅम्प. केबल टाय फक्त आधाराला. उन्हानं ते वर्षभरात तडकतात.

वायरीत काटकसर नको. लाइनसाठी १.५ चौरस मिमी आणि अर्थसाठी २.५ चौरस मिमी, अस्सल तांब्याची, बारीक तारांची. का ते सांगतो. बल्बवाल्या एका ट्रॉलीत टेल, ब्रेक आणि एक इंडिकेटर एकदम पेटले तर सुमारे ७३ वॅट होतात, म्हणजे ६ अँपिअर. आठ मीटर लांबीला घरातल्या बेलसाठी असते तसली अर्ध्या चौरस मिमीची वायर टाकली, तर ब्रेकच्या लाइनमध्ये साधारण एक व्होल्ट आणि अर्थमध्ये पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात. दिव्यापर्यंत दहा व्होल्टही पोचत नाहीत. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं पडतो: व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे पातळ वायरीवर ब्रेक लाइट निम्म्याहून कमी पेटते, आणि निम्म्या ब्रेक लाइटला मागचा माणूस टेल समजतो. वर सांगितलेल्या जाडीच्या वायरी टाकल्या तर जाण्या-येण्यात मिळून फक्त ०.७ व्होल्ट जातात.

दिवा कुठं बसवायचा

इथं बहुतेकांचं चुकतं. रिकाम्या ट्रॉलीला मागच्या चॅनलवर (सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर) दिवे छान दिसतात. मग ऊस भरला, शेंडे मागं बाहेर आले, वाढं खाली लोंबलं, की दिवे गायब. वायरिंग चालू, बॅटरी चांगली, आणि मागच्याला दिसतंय फक्त पाचट.

म्हणून मी उसाच्या ट्रॉलीला दोन ठिकाणी सोय करतो. चॅनलवर कायमचे दिवे असतात, दोन्ही टोकांना, जितके बाहेरच्या कडेला घेता येतील तितके, कारण मागच्याला ट्रॉलीची रुंदी त्यावरूनच कळते. आणि एक सुटी पट्टी: ट्रॉलीच्या रुंदीएवढा हलका अँगल किंवा लाकडी फळी, तिच्या दोन्ही टोकांना एकेक दिवा, मागं अडकवायला दोन हूक आणि सहा-सात फुटांची केबल. ऊस भरून रस्से आवळले की ही पट्टी सगळ्यात मागच्या रश्शाला अडकवायची आणि तिचा प्लग चॅनलवरच्या सॉकेटमध्ये घालायचा. कारखान्यात वजन झालं, क्रेनखाली जायची वेळ आली, की आधी पट्टी काढून ट्रॅक्टरवर ठेवायची. तिथं साखळ्या खेचताना दिवे राहत नाहीत. हा माझा दोन हंगामांचा अनुभव आहे.

माती, खत, धान्य वाहणाऱ्या बंद ट्रॉलीला हा त्रास नाही. तिथं फाळक्याच्या (मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) खाली चॅनलवर, लोखंडी जाळीच्या आत दिवे बसवा. फाळक्यावर बसवू नका. फाळका उघडा टाकला की दिवे जमिनीकडं बघतात.

केबल टाकणं

सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह काढा.

केबल मागून पुढं टाकत या. दिव्यापासून सुरू करून चॅनलच्या आतल्या बाजूनं, म्हणजे दगड आणि चाकाचा चिखल लागणार नाही अशा अंगानं, ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याच्या, टोकापर्यंत. प्रत्येक ४०-५० सेंटिमीटरवर क्लॅम्प. लोखंडाला भोक पाडून केबल घ्यायची असेल तिथं ग्रोमेट हवंच. पत्र्याची कड महिन्याभरात इन्सुलेशन कापते. चाक, ॲक्सल, हायड्रॉलिकचा पाइप आणि जॅक यांच्यापासून केबल लांब ठेवा. टिपिंग ट्रॉली असेल आणि वरच्या साठ्यावर दिवा असेल तर बिजागराशी थोडी ढील ठेवून ट्रॉली पूर्ण उचलून बघा, केबल कुठं ताणते का.

ड्रॉबारच्या बुडाशी जंक्शन बॉक्स बसवा. मागून आलेल्या सगळ्या वायरी इथं येतील आणि इथून सात कोरची एक लवचीक केबल प्लगकडं जाईल. प्लगची केबल तुटली, आणि ती कधी ना कधी तुटतेच, तर फक्त तेवढीच बदलावी लागते. बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूनं घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. पावसाचं पाणी त्या झोळाच्या तळाला ठिबकतं, आत जात नाही.

आता लांबी. हे अंदाजानं ठरवू नका. ट्रॉली जोडा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं तोडून ट्रॅक्टर हळू फिरवा, मग पूर्ण उजवीकडं. दोन्ही टोकांना केबल ताणली जाऊ नये आणि सरळ उभं असताना ती जमिनीला लागू नये. फार लांब झाली तर ड्रॉबारवर एक लोखंडी कडी वेल्डिंग करून केबल तिच्यातून घ्या. पीटीओ शाफ्टजवळ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरणाऱ्या दांड्याजवळ, मात्र काहीही लोंबकळू देऊ नका.

अर्थ: सगळ्या भानगडींचं मूळ

ट्रॉलीच्या लाइटच्या तक्रारी माझ्याकडं येतात त्यातल्या बहुतेक अर्थच्या निघतात. याचं कारण एक जुनी सवय. वायरमन दिव्याचा अर्थ तिथंच चॅनलला आवळतो आणि म्हणतो, लोखंडाला लोखंड लागलंय, हूकमधून ट्रॅक्टरला जातंय. रिकाम्या ट्रॉलीला, गॅरेजमध्ये उभं असताना जातंही. पण हूक आणि पिन यांच्यामध्ये ग्रीस असतं, गंज असतो, माती असते. ट्रॅक्टर ओढ घेतो तेव्हा टेकतं, उतारावर सैल सुटतं. दिवे चालताना लुकलुकतात ते यामुळं.

म्हणून अर्थची वेगळी वायर दिव्यापासून प्लगच्या तीन नंबरच्या पिनेपर्यंत अखंड न्या. डाव्या दिव्याची वेगळी, उजव्याची वेगळी, दोन्ही जंक्शन बॉक्समध्ये एकत्र. त्याशिवाय बॉक्सजवळ एक बोल्ट चेसिसलाही द्या, पण तो जास्तीचा आधार. तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसलं पाहिजे, थिंबलच्या खाली दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून ग्रीस लावा.

अर्थ तुटला की काय होतं ते एकदा नीट बघून ठेवा, म्हणजे पुढं तास वाचतील. मागच्या वर्षी एका शेजाऱ्याची ट्रॉली अंगणात लावली होती. दिवस मावळला होता. त्यानं पार्किंग लावलं, दोन्ही टेल बरे दिसत होते. "ब्रेक दाब," म्हटलं, तर उजवीकडचं टेल उजळण्याऐवजी विझल्यासारखं झालं आणि त्याच दिव्यातला इंडिकेटर, जो लावलेलाच नव्हता, तांबूस धगधगायला लागला. इंडिकेटर दिला तर टेल त्याच्या ठेक्यावर लपलपायला लागलं. तो म्हणाला, वायरी उलट्या लागल्यात. वायरी बरोबर होत्या. उजव्या दिव्याचा अर्थ गंजून सुटला होता. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या फिलामेंटमधून शिरतो, उलट्या दिशेनं त्या लाइनमध्ये जातो आणि तिकडून ट्रॅक्टरच्या दिव्यांतून अर्थ शोधतो. मी एक सुटी वायर घेतली, एक टोक होल्डरच्या पत्र्याला टेकवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. क्षणात दिवा ठणठणीत. दोन दिवे एकमेकांच्या कामात लुडबुड करताना दिसले, की काहीही उघडण्याआधी ही सुटी वायर लावून बघा.

मल्टिमीटर असेल तर याहून नेमकी खूण मिळते. ब्रेक दाबून धरायला सांगा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब दिव्याच्या अर्थच्या वायरीला. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून कमी आला तर ठीक. दोन व्होल्ट आला तर अर्थच्या वाटेवर कुठंतरी अडथळा आहे. प्रोब पुढं पुढं सरकवत जा, व्होल्टेज जिथं एकदम उतरेल तिथंच खराबी.

जोड

थिंबल दाबून, वर हीट श्रिंक. रेण (सोल्डर) फक्त तिथंच द्या जिथं वायर हलणार नाही. रेण दिलेली वायर कडक होते आणि धक्क्यानं रेण संपतं त्या कडेला तुटते. प्लगमध्ये स्क्रू असतात, तिथं वायरीच्या तारा पिळून बारीक पितळी नळी चढवून आवळा, आणि प्लगचा केबल पकडणारा क्लॅम्प विसरू नका. माणसं प्लग ओढताना केबलला धरूनच ओढतात. प्लग आणि सॉकेट समोरासमोर आले की एकमेकांची उलटी प्रतिमा असतात, त्यामुळं जागा बघून वायर लावू नका, आकडा बघून लावा.

फ्लॅशर आणि रिले

ट्रॉली जोडली की काही ट्रॅक्टरांचा इंडिकेटर फार भराभर किंवा फार सावकाश टिकटिकतो. तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लागला पाहिजे. फ्लॅशरवर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर, लिहिलेलं असतं तो किती दिवे ओढतो. ट्रॅक्टरच्या बऱ्याच फ्लॅशरवर दोन अधिक एक असं असतं, म्हणजे ट्रॅक्टरचे २१ वॅटचे दोन आणि ट्रॉलीचा एक. ट्रॉलीला एलईडी लावला आणि टिकटिक बिघडली, तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा.

एकामागं एक दोन ट्रॉल्या असतील आणि दिवे बल्बचे असतील, तर ट्रॅक्टरच्या स्विचवर तो भार टाकू नका. फक्त ब्रेकचेच चार बल्ब ८४ वॅट होतात, सात अँपिअर. ट्रॅक्टरचा ब्रेक स्विच तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. यावर उपाय चार रिलेंचा (रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच): डावा, उजवा, ब्रेक, टेल. प्रत्येक रिलेची ३० नंबरची पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, पण वाटेत फ्यूज घालून, आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. ८७ नंबर ट्रॉलीच्या सॉकेटकडं. ८५ अर्थला. ८६ ला ट्रॅक्टरच्या त्या त्या दिव्याची लाइन. आता ट्रॅक्टरचा दिवा रिलेला फक्त इशारा देतो, ओढ सगळी बॅटरीवरून. पाच पिनांचा रिले आणला असेल तर मधली ८७-ए मोकळी सोडा, पण तिच्यावर नळी चढवा.

फ्यूजचं माप वायरीवरून ठरतं. दोन ट्रॉल्यांना बल्ब असतील तर टेल, ब्रेक आणि चारही इंडिकेटर एकदम पेटल्यावर साडेपंधरा अँपिअर होतात, तिथं २० चा फ्यूज आणि बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिमीची वायर. ट्रॉल्यांना एलईडी असतील तर १० चा पुरतो. फ्यूज उडाला म्हणून तिथं तार गुंडाळणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पाचट भरलेल्या ट्रॉलीखाली तापलेली वायर ही थट्टा नाही.

रिलेचा एक तोटा लक्षात ठेवा. ट्रॉलीचा इंडिकेटर गेला तरी ट्रॅक्टरची टिकटिक तशीच राहते. म्हणजे मागं जाऊन डोळ्यांनीच बघावं लागतं.

दोन ट्रॉल्यांत पहिल्या ट्रॉलीच्या मागं स्वतंत्र सॉकेट बसवा आणि जंक्शन बॉक्सपासून सातही वायरी तिथपर्यंत न्या. दुसऱ्या ट्रॉलीत पोचेपर्यंत लांबी दुप्पट होते, म्हणून तिथं अर्थ ४ चौरस मिमीचा घ्या. मागून येणाऱ्याला दिसते ती शेवटची ट्रॉली. चांगले दिवे एकच जोडी असतील तर ते तिला लावा.

तपासणी

काम झालं की बॅटरी जोडा, ट्रॉली लावा आणि अंधार पडायची वाट बघा. दिवसा तपासलेलं खरं नसतं. ट्रॅक्टरवर एक जण, ट्रॉलीमागं तीस पावलांवर दुसरा. आधी एकेक दिवा, मग जोड्या: टेल आणि ब्रेक, टेल आणि डावा, ब्रेक आणि उजवा, शेवटी सगळं एकदम. अर्थची खोड एकेकट्यानं कळत नाही, सगळे एकत्र पेटवल्यावरच बाहेर येते. मग केबल हातानं हलवा, प्लग डावी-उजवीकडं दाबा, ट्रॉली मागं-पुढं करा. लुकलुकलं तर तिथंच शोधा.

एका बाजूचं सगळं गेलं असेल तर त्या दिव्याचा अर्थ बघा. दोन्ही बाजूंचं एकच काम गेलं असेल, म्हणजे नुसता ब्रेक किंवा नुसतं टेल, तर फ्यूज, स्विच, रिले किंवा, ब्रेक असेल तर, प्लगमधली सहा नंबरची पिन. सगळंच गेलं असेल तर बहुधा तीन नंबरची पिन. प्लग लावल्याबरोबर ट्रॅक्टरचा फ्यूज उडत असेल तर ट्रॉलीत कुठंतरी वायर चॅनलला घासून उघडी पडली आहे. जंक्शन बॉक्स उघडून एकेक वायर सोडवत जा, कोणती सोडल्यावर फ्यूज टिकतो ते बघा आणि तिच्याच मागं जा.

दिव्यांबरोबर परावर्तक पट्टी लावायचीच: मागं लाल, बाजूंना पिवळी, पुढं पांढरी. रस्त्यात वायर तुटली, बॅटरी बसली, ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी राहिली, तेव्हा हीच पट्टी राखण करते. उसानं झाकली जाईल अशा जागी ती लावू नका. सुट्या पट्टीच्या अँगलवरही चिकटवा. लाल फडकं दिवसाचं, रात्री ते दिसत नाही.

हंगामात आठवड्याला एकदा प्लग काढून पिना बघा. हिरवट झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरनं घासून वर थोडं व्हॅसलीन. दिव्यांची काच रोज पुसा, चिखलाचा थर नवा एलईडीही गिळतो. हंगाम संपला की उंदीर पाइपात घर करतात, म्हणून पावसाळ्याआधी फ्लेक्झिबल पाइपाची तोंडं टेपनं बंद करा. आणि ट्रॉली सोडताना प्लग जमिनीवर टाकू नका. ड्रॉबारला एक जुनं रिकामं सॉकेट तोंड खाली करून बोल्टनं बसवा आणि प्लग त्यात खोचून ठेवा. पाणी शिरत नाही, माती बसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॉली जोडताना तो अंधारातही हाताला सापडतो.